तिसऱ्या कपापर्यंत

दोन वर्षं सकाळी जाग आली की डोळे उघडण्याआधीच मी खिडकीत कोराडीची धुराडी शोधायचे. नागपूरजवळच्या या वीजकेंद्राच्या कॉलनीत वाढलेल्या पोरीची ही सवय काही सुटत नाही. तिथल्या कूलिंग टॉवरमधून पांढरी वाफ निघते, आणि लहानपणी माझी खात्री होती की जगातले सगळे ढग आमच्याकडेच तयार होतात नि माझे बाबा ते तयार करायला तीन पाळ्यांत कामावर जातात. मग डोळे उघडायचे. समोर कधी जर्मनीतलं उतरत्या छपरांचं एक शहर असायचं, कधी आदिस अबाबातली निलगिरीची झाडं. आपण कोणत्या खंडात झोपलोय हे कळेपर्यंत मिनिटभर जायचं, आणि ते मिनिट मला फार आवडायचं. उठायची घाई असली तरी मी ते पूर्ण घ्यायचे.

आता परत येऊन महिना झालाय. भेटणारा प्रत्येक जण विचारतो की एवढं लांब जाऊन शिकलीस काय. तर मी आंतरराष्ट्रीय संबंध शिकले. डिग्री एकच, पण तिच्यावर दोन विद्यापीठांचे शिक्के. पहिलं वर्ष युरोपात, दुसरं आफ्रिकेत. वर्गातली वीस मुलं पहिल्या वर्षी एल्बे नदीच्या काठावर बसली आणि दुसऱ्या वर्षी तीच सामानासकट उचलून इथिओपियाच्या पठारावर नेऊन ठेवली. धरमपेठेतल्या मावशीला एवढं सांगितलं तर तिने शांतपणे विचारलं, "मंग कलेक्टर होशीन काय तू?" नाही म्हटल्यावर तिचा रस संपला.

पण मला सांगायचंय ते वेगळंच आहे. बाबा आणि मी, आमच्या घरात आम्ही दोघंच. आई मी बारावीत असताना गेली. मी फॉर्म भरला तेव्हा पासपोर्ट काढायला बाबा सोबत आले, नागपुरातल्या सदर भागातल्या एका स्टुडिओत माझे फोटो निघत असताना बाहेर बाकावर बसले, आणि मग म्हणाले, "आता लाइनीत उभं राहाच लागते, तं माहाही काढून टाकू." आम्ही दोघांनी एकाच दिवशी पासपोर्ट काढले. त्यांचा कपाटात साड्यांखाली गेला. आईच्या साड्या अजून तिथेच आहेत.

एल्बेच्या काठी

जर्मनीतलं पहिलं धुकं मला आठवतं ते पोटातल्या भुकेसकट. वर्गातल्या लुकासने एका रविवारी त्याच्या घरी जेवायला बोलावलं. घर नदीकाठी होतं. पाण्यावर धुकं असं बसलेलं की पलीकडचा काठ आहे की नाही ते ठरवता येईना, आणि त्यातून एक बोट आवाज न करता निघून गेली. त्याच्या आईने बटाट्याचं सॅलड वाढलं, अगदी थोडं. मी संपवलं. तिने विचारलं, "आणखी घेणार?" मी म्हटलं, "नको नको, पुरे." तिने हसून भांडं उचललं आणि आत नेऊन ठेवलं.

मी त्या भांड्याकडे बघतच राहिले.

आमच्याकडे पहिलं 'नको' हे नमस्कारासारखं असतं. ते कोणी मोजत नाही. दुसऱ्या 'नको'वरून वाढणारीला पोटाचा अंदाज येतो, आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर माणूस काय म्हणतो ते खरं. माझी आई तर तिसऱ्यालाही दाद द्यायची नाही. "माही शपथ आहे," म्हणायची आणि ताटात पोळी पडलेली असायची. त्या रविवारी खोलीवर परत येऊन मी कुकर लावला आणि वरणभात जेवले.

एवढ्यावर शहाणं व्हायला हवं होतं. पण सवय म्हणजे सवय. डिसेंबरात आमच्या प्राध्यापक बाईंनी मला खोलीत बोलावलं. जिनिव्हात नदीच्या पाणीवाटपावर एक आठवडा चर्चा होणार होती आणि वर्गातल्या एकाला ती मागे बसून ऐकता येणार होती. बाई म्हणाल्या, "तुझा निबंध चांगला होता. तू जाशील का?"

ऐकता ऐकताच मी जिनिव्हात पोचले होते. कोणता स्वेटर घालायचा तेही ठरलं होतं. आणि तोंडातून काय निघालं? "माझ्यापेक्षा कोणी जास्त योग्य असेल तर त्यालाच पाठवा ना. माझं काही नाही."

बाईंनी पेनाने यादीत एक रेघ मारली. "स्पष्ट सांगितल्याबद्दल आभार," म्हणाल्या. जिनिव्हाला लुकास गेला.

गंमत म्हणजे याच बाई आम्हाला वाटाघाटी शिकवायच्या. दोन देश समोरासमोर बसले की पहिला नकार म्हणजे बोलण्याची सुरुवात असते, तो ऐकून फाईल बंद करणारा राजदूत घरी पाठवावा, असं त्यांनी वर्गात सांगितलेलं आणि मी वहीत लिहून त्याखाली दोन रेघा ओढलेल्या. देशांना जी सवलत मिळते ती माणसांना मिळत नाही, हे मात्र अभ्यासक्रमात नव्हतं.

त्या दिवशी जिन्यात बसून मी रडले. शेजारी येऊन बसली ती सेनाईत, आमच्याच वर्गातली, आदिसची. सगळं ऐकून ती आधी पोट धरून हसली आणि मग म्हणाली, "मी पण पहिले दोन महिने उपाशी होते." तिथून आमची मैत्री झाली. आम्ही आरशासमोर उभं राहून 'हो, मला पाहिजे' म्हणायची तालीम करायचो. मार्चपर्यंत मला ते जमायला लागलं. दुकानात, वर्गात, कुठेही. हवं तर हो, नको तर नको. कोणी नको म्हटलं की मीही मान हलवून पुढे जायचे. मोकळं वाटायचं, खोटं कशाला बोलू. आपण फार सुधारलो असंही वाटायचं.

त्या वसंतातली एक दुपार अजून स्वप्नात येते. शहरापासून तासाभरावर कोळशाची एक जुनी खाण आहे, उघडी, कित्येक मैल पसरलेली. कोळसा काढणं थांबवल्यावर तिच्यात नदीचं पाणी सोडलं आणि आता तिथे तळं आहे. मी काठावर उभी राहिले तर निळ्या पाण्यावर शिडाच्या होड्या चालल्या होत्या, वारा मऊ होता, आणि पायाखालच्या मातीत अजून काळे कण होते. ते मी ओळखीच्या माणसाला ओळखावं तसे ओळखले. कोराडीत वाळत घातलेल्या चादरींवर तेच बसतात. मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. ते कोल हँडलिंगमध्ये, सगळं आयुष्य कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यांशेजारी गेलेलं. बराच वेळ ते पाण्याकडे बघत राहिले.

"खाली कोळसा आहे काय अजून?" त्यांनी विचारलं.

"असेल थोडा."

"मंग तो आता झोपला म्हन," बाबा म्हणाले. "फिरव वं मोबाइल अजून थोडा. पाहू दे."

मी हात दुखेपर्यंत मोबाइल फिरवत राहिले.

आदिस

आदिस उंचावर आहे, आणि पहिले आठ दिवस जिना चढला की जीव वर यायचा. त्यामुळे सगळं सावकाश करावं लागायचं, आणि सावकाश केल्यामुळे ते शहर मला तरंगताना दिसलं. सकाळी चर्चमधून भोंग्यावर प्रार्थना यायची, त्यात निलगिरीच्या काटक्यांचा धूर मिसळायचा, आणि पांढऱ्या सुती शाली पांघरलेल्या बाया त्या धुरातून चालत जायच्या. मी सेनाईतच्याच घरी मागच्या खोलीत राहायचे. तिच्या आईला सगळे एमाये म्हणायचे, म्हणजे आई. मीही तेच म्हणू लागले. तो शब्द उच्चारताना पहिल्यांदा जरा अडखळले, मग सवय झाली.

एमायेंच्या घरात पहिल्याच दिवशी मला कळलं की आपण घरी आलो. जेवायला इंजेरा, म्हणजे आंबोळीची मोठी, आंबट बहीण. तिच्यावर शिरो नावाचा हरभऱ्याच्या पिठाचा गरम रस्सा, तिखटात सावजीशी बरोबरी करणारा. मी पुरे म्हटलं. एमाये म्हणाल्या, "बेमोते!" आणि स्वतःच्या हाताने घास करून माझ्या तोंडात कोंबला. सेनाईतने अर्थ सांगितला, "माझ्या मरणाची शपथ आहे, खा." घास तिखट होता म्हणून डोळ्यांत पाणी आलं, असं मी त्यांना सांगितलं.

कॉफीचं तर काय सांगू. तिथे कॉफी पिणं म्हणजे अर्धी दुपार. जमिनीवर ताजं गवत पसरायचं, ऊद लावायचा, समोर हिरव्या बिया भाजायच्या, त्या कुटायच्या, लांब मानेच्या मातीच्या सुरईत उकळायच्या. सोबत मक्याच्या लाह्या. आणि एकाच पुडीवर तीनदा पाणी घालून तीन कप: पहिला अबोल, दुसरा तोना, तिसरा बरका. तिसरा सगळ्यात पातळ, पण आशीर्वाद त्यात असतो म्हणतात. तो घेतल्याशिवाय उठायचं नाही.

मार्चमध्ये विद्यापीठाने कळवलं की पदवीदान जुलैत आदिसलाच होणार, घरच्यांना बोलवा. त्या रविवारी मी बाबांना फोन केला.

"बाबा, तुम्ही येता काय? माझ्या खर्चाने. मी शिकवण्या घेऊन पैसे साठवले."

"नको वं," बाबा म्हणाले. "कायले उगाच? मले इंग्रजी येत नाही, त्या मोठ्या लोकाईत मी काय करन? सुट्टीही नाही भेटत. तू फोटो पाठवजो."

आणि मी काय म्हणाले? "ठीक आहे बाबा. तुमचा निर्णय."

त्यांनी फोन ठेवला नाही. मग त्यांनी विचारलं, "तिकडे जुलैत पाऊस असते काय?"

"असतो. खूप."

"थंडी? स्वेटर लागते?"

"संध्याकाळी लागतो." मी हवामान खात्यासारखी उत्तरं देत होते.

"बरं," बाबा म्हणाले. "मंग ठेवू?"

त्यांनी ठेवला. मला वाईट वाटलं, पण त्यांच्या मनाचा आपण मान राखला याचं समाधानही होतं. लुकासच्या आईने भांडं उचललं होतं, अगदी तसंच मी उचललं आणि आत नेऊन ठेवलं. तेव्हा मला ते कळलं नाही.

कळायला सात आठवडे लागले. मे महिन्यात एका दुपारी एमायेंनी ऊद लावला होता. अंगणातलं जॅकरांडाचं झाड गळत होतं आणि गवतावर जांभळी फुलं पडली होती. फाटकातून शेजारचे आजोबा डोकावले. एमाये म्हणाल्या, या, कॉफी घ्या. ते म्हणाले, छे, सहज चाललो होतो. पुन्हा म्हणाल्या. छे छे, काम आहे. बेमोते! मग ते आत आले, स्टुलावर बसले आणि तिसऱ्या कपापर्यंत हलले नाहीत.

मी त्यांच्या कोटाकडे बघत होते. कोटाला कडक इस्त्री होती. खिशात रुमाल घडी करून ठेवलेला. सहज चाललेला माणूस असा निघत नाही. त्यांनी घरून निघतानाच ठरवलं होतं, फक्त तीनदा विचारलं जायची वाट बघत होते.

आणि मला एकदम बाबांचा आवाज ऐकू आला. स्वेटर लागते काय?

न येणाऱ्या माणसाला स्वेटर कशाला लागतो!

मी कप खाली ठेवला. सेनाईतने विचारलं काय झालं. मी म्हटलं, "माझ्या बाबांनी नको म्हटलं आणि मी ऐकलं." तिने कपाळाला हात लावला. "एकदाच विचारलंस?" तिने आईला सांगितलं, आईने आजोबांना, आणि ते तिघं माझ्याकडे असं बघायला लागले की जणू मी बाबांना रस्त्यात सोडून आले आहे. एमायेंनी मोबाइल माझ्या हातात दिला. तिकडे कोराडीत संध्याकाळ होती.

"बाबा, पदवीदानाले या."

"सांगतलं ना तुले, नको."

"बाबा, या ना."

"काहून मागं लागून राहिली? मी तिथं काय करन?"

"माझ्या शेजारी बसाल. बाबा, माझी शपथ आहे. आई असती तर ती आली असती. मला तिथे एकटं नाही उभं राहायचं. या."



"हाव," बाबा म्हणाले. "तू एवढी म्हणून राहिली तं येतो."

एमायेंना शब्द कळले नव्हते, पण त्यांनी बरकाचा कप माझ्या पुढे सरकवला.

मग मी बाबांना यादी पाठवली: व्हिसा, तिकीट, पिवळ्या तापाची लस. ती लस घेतल्याचं कार्ड नसेल तर परत येताना भारतातल्या विमानतळावर अडवतात, हे मी तीनदा लिहिलं. त्यांनी उत्तर पाठवलं, "लसीची काळजी नको करू." मी केलीच, पण फार विचारलं नाही.

जुलैत ते आले. धो धो पावसात, अंगात तपकिरी स्वेटर, हातात संत्रा बर्फीचे चार डबे आणि चेहऱ्यावर, पहिल्यांदा शाळेत सोडलेल्या मुलाचा भाव. एमायेंच्या घरी शिरो बोटावर घेऊन चाखला आणि म्हणाले, "हे तं आपलं बेसनच होय वं." एमायेंना मराठी येत नाही, बाबांना अम्हारिक येत नाही. "बेमोते," त्या म्हणाल्या. "नको नको," बाबा म्हणाले. "बेमोते!" "नको ना." तिसऱ्यांदा त्यांनी घास पुढे केला आणि माझ्या बाबांनी, ज्यांना मी कोणाच्या हातून खाताना कधी पाहिलं नव्हतं, मुकाट्याने तोंड उघडलं. मग ते बराच वेळ खिडकीबाहेरच्या पावसाकडे बघत चावत राहिले. मला आईची इतकी आठवण आली की मी भांडी उचलायच्या निमित्ताने आत गेले.

पदवीदानाला ते दुसऱ्या रांगेत बसले. माझं नाव आल्यावर टाळ्या वाजवतील म्हणून मी बघत होते, तर ते पहिल्या मुलापासून वाजवत होते. शेवटच्या मुलापर्यंत वाजवल्या. हात लाल झाले होते. "सगळे कोनाचे ना कोनाचे लेकरं होयेत," म्हणाले, आणि लुकासची पाठही थोपटली.

परतताना

परतीच्या विमानात ते माझ्या खांद्यावर झोपले. खाली अरबी समुद्रावर ढग होते. अर्धवट झोपेत मला वाटलं की ते ढग कोराडीहूनच आलेत नि आता आमच्या आधी घरी पोचायला निघालेत.

मुंबईला उतरलो. आरोग्य तपासणीच्या टेबलावर रांग होती आणि सगळ्यांच्या हातात पिवळी कार्डं. बाबांचा चष्मा पिशवीत तळाशी गेला होता, म्हणून त्यांचं कार्डही मीच हातात धरलं. पुढच्या बाईचं काही अडलं होतं. वेळ होता, म्हणून मी सहज कार्ड उघडलं. नाव, पासपोर्ट क्रमांक, शिक्का. आणि लस दिल्याची तारीख.

ती मार्चची होती. मी त्यांना पहिल्यांदा फोन केला त्या रविवारनंतरचा शुक्रवार.

मी पुन्हा वाचली. पुसट नव्हती, स्वच्छ निळ्या शाईत होती. नको म्हणून पाच दिवस झाल्यावर बाबा कामावरून सुट्टी टाकून, कोराडीची बस पकडून नागपुरात आले होते, रांगेत बसले होते, दंडात सुई घेतली होती, कार्ड घेऊन परत गेले होते. आणि ते बहुतेक साड्यांखाली, पासपोर्टशेजारी ठेवलं होतं. त्यानंतर दर रविवारी आम्ही फोनवर बोललो. दर रविवारी मी त्यांना सांगितलं की मी काय खाल्लं.

"बाबा," मी म्हटलं, "ही लस तुम्ही कधी घेतली?"

"घेतली होती कवातरी."

"नको म्हटल्यावर?"

त्यांनी टेबलाकडे बघितलं, पुढे सरकायला जागा झाली होती. "आता तू विचारशीन अजून, असं वाटलं होतं," ते म्हणाले. "अखीन एकडाव."

अधिकाऱ्याने कार्डं बघितली आणि परत दिली. आम्ही पुढे निघालो. बाबांच्या खांद्यावर बर्फीच्या डब्यांची पिशवी होती, एमायेंनी ते डबे कॉफीच्या बियांनी गच्च भरून दिले होते, आणि ते एका बाजूला झुकून चालत होते.

"बाबा, द्या ती पिशवी."

"नको वं, हलकी आहे."

"द्या ना."

"राहू दे, तू थकली."

"बाबा, द्या."

त्यांनी पिशवी काढून माझ्याकडे दिली.